नकार लेखी द्या

‘बोगस दिव्यांगांनी खऱ्या दिव्यांगांचा हक्क मारला, तेव्हा आता तपासणी कडक करा.’ २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांग दाखल्यावरून देशभर गदारोळ झाला आणि तेव्हापासून हे वाक्य सगळीकडे ऐकू येते. वाहिन्यांवरच्या चर्चांत ते आहे, वाचकांच्या पत्रव्यवहारात आहे, सरकारी बैठकांतही आहे. २०२५ मध्ये राज्यातल्या दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या दाखल्यांची पडताळणी सुरू झाली, तिला टाळ्याही मिळाल्या. खोटा दाखला दाखवून नोकरी, सोयीची बदली किंवा कॉलेजातली राखीव जागा लाटणाऱ्याला शिक्षा झाली पाहिजे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९१ मध्ये त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ती वापरा, जरूर वापरा.

माझा विरोध आहे तो पुढच्या निष्कर्षाला. चोरी झाली वाड्याच्या दिंडी दरवाजातून आणि कुलूप मात्र गड्याच्या खोलीला लागले, असे आज चालले आहे. बोगस दाखला कोण काढतो? ज्याच्याकडे ओळख आहे, पैसा आहे आणि ज्याला त्या दाखल्यावर लाखो रुपयांच्या पगाराची नोकरी मिळणार आहे, तो. कडक तपासणीचा फटका कोणाला बसतो? निराधारच्या पगारासाठी तहसील कचेरीत उभ्या असलेल्या माणसाला. गावोगाव लोक त्या अनुदानाला पगारच म्हणतात, कारण त्या घरात महिन्याच्या महिन्याला येणारी दुसरी रक्कम नसते.

हा पगार किती, ते आधी सांगायला हवे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत २०२३ मध्ये महिना १,५०० रुपये झाले, आणि दिव्यांगांसाठी ते ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० झाले. वर्षाचे तीस हजार. ते मिळण्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला हवा, महाराष्ट्रात पंधरा वर्षांचे वास्तव्य हवे आणि दिव्यांगाच्या संपूर्ण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत हवे. पन्नास हजार म्हणजे घरातल्या सगळ्यांचे मिळून दिवसाला १३७ रुपये. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता. त्या दराने घरातल्या एकाच माणसाने वर्षात १६१ दिवस काम केले तरी कुटुंब या मर्यादेच्या बाहेर जाते. मग होते काय, की खरे बोलणारा अपात्र ठरतो आणि तलाठ्यापासून सेतू केंद्रापर्यंत सगळ्यांना ठाऊक असलेला आकडा कागदावर चढतो. नंतर कोणी ‘बोगस’ म्हणून बोट दाखवायचे ठरवले तर हाच कागद त्या माणसाच्या विरुद्ध वापरता येतो. ही मर्यादा ज्यांनी ठरवली आणि वर्षानुवर्षे तशीच ठेवली, त्यांनी गरिबाच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घ्यावी, हे मला मान्य नाही.

केंद्राची गोष्ट याहून वाईट. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेला तब्बल ८० टक्के दिव्यांगत्व लागते, दारिद्र्यरेषेखालचे असावे लागते, आणि केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये आहे. तो २०१२ पासून ३०० च आहे. २०१६ च्या ज्या कायद्याच्या नावाने दिव्यांगांची झडती घेतली जाते, त्याच कायद्याचे कलम २४ सांगते की दिव्यांगांना मिळणारे साहाय्य इतरांसाठीच्या तशाच योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त असले पाहिजे. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. तरीही २०२३ ते २०२५ या काळात आपल्या राज्यात विधवा, वृद्ध, निराधार आणि दिव्यांग सगळ्यांना सारखेच दीड हजार मिळत होते. १,५०० वर २५ टक्के म्हणजे १,८७५. महिन्याला पावणेचारशे रुपये कमी दिले गेले, आणि त्याबद्दल एकाही अधिकाऱ्याची पडताळणी झाली नाही.

आता दुसरा युक्तिवाद. ‘टक्केवारी डॉक्टर ठरवतात, ते विज्ञान आहे, त्यात वाद कसला?’ असे सुशिक्षित माणसेही म्हणतात, आणि ज्यांनी दाखल्यासाठी तपासणी करणाऱ्या वैद्यकीय बोर्डाचा दिवस कधी पाहिलेला नाही तीच हे जास्त ठामपणे म्हणतात.

मानसिक आजाराचे उदाहरण घ्या. तिथे रक्त तपासून किंवा फोटो काढून टक्केवारी निघत नाही. ‘आयडियाज’ नावाचे भारतीय मोजमाप वापरतात. त्यात चार बाबी: स्वतःची काळजी, माणसांशी वागणे, संवाद आणि समज, आणि काम. प्रत्येकीला शून्य ते चार गुण, शिवाय आजार किती वर्षांचा आहे त्याचे गुण. बेरीज सात झाली की ४० टक्के. सहा झाली की माणूस योजनेच्या बाहेर. माझ्या पाहण्यातली एक आई चार वर्षे स्किझोफ्रेनियाने आजारी असलेल्या मुलाला घेऊन बोर्डापुढे गेली. सरकारी दवाखान्यात जायचे म्हणून तिने त्याला आदल्या रात्री दाढी करायला लावले होते आणि सकाळी इस्त्रीचा सदरा घातला होता. डॉक्टरांनी विचारले, ‘आंघोळ स्वतः करतो का?’ ती म्हणाली, ‘हो, करतो.’ न्हाणीघराच्या दाराबाहेर उभे राहून ‘आता पाणी घे, आता साबण लाव’ असे ती रोज सांगते, हे तिने सांगितले नाही. चारचौघांत मुलाचे उणे काढायला तिची जीभ रेटेना. ‘काम करतो का?’ ‘भावाबरोबर शेतात जातो.’ शेतात जाऊन तो दिवसभर बांधावर बसून असतो, हेही राहिले. बेरीज सहा झाली. त्या डॉक्टरांनी काही वाईट हेतूने केले असे मी म्हणणार नाही. बाहेर शंभर माणसे होती आणि त्यांना दुपारनंतर वॉर्डही पाहायचा होता. पण त्या सहाच्या आकड्यात विज्ञान किती आणि एका आईचा संकोच किती, याचे उत्तर ‘तपासणी कडक करा’ म्हणणाऱ्यांनी द्यावे. तपासणी कडक झाली तर ती आई आणखी कमी बोलेल.

दुसरे उदाहरण गणिताचे आहे. एक डोळा पूर्ण निकामी आणि दुसरा ठीक असेल तर मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ३० टक्के मिळतात. म्हणजे पात्रतेच्या रेषेखाली. पण त्याच माणसाच्या पायात २० टक्क्यांचे अधूपण असेल तर दोन्ही मिळून मोजायची पद्धत ठरलेली आहे: मोठा आकडा घ्यायचा, आणि लहान आकड्याला नव्वदमधून मोठा वजा करून येणाऱ्या संख्येने गुणून नव्वदने भागून तो त्यात मिळवायचा. इथे ३० अधिक १३.३, म्हणजे ४३ टक्के. माणूस पात्र आहे. पण केस पेपरवर ‘डोळा’ लिहिलेला असतो, तो नेत्रविभागात जातो, तिथे ३० टक्के लागतात, आणि अस्थिव्यंगाच्या टेबलाकडे त्याला कोणी पाठवतच नाही. तो लंगडत आला आणि लंगडत परत गेला, हे त्या दालनातल्या प्रत्येकाने पाहिलेले असते. या माणसाला कोणत्या कडक तपासणीची गरज आहे? त्याची तपासणी पूर्णच झालेली नाही.

सिकलसेलबद्दल विदर्भात आणि नंदुरबारकडे वेगळे सांगायला नको. हा आजार, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाच्या यादीत आणले. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. सिकलसेलच्या मुलाला वेदनेचा झटका येतो तेव्हा तो दवाखान्यात सलाईनवर असतो. बोर्डाच्या दिवशी येऊ शकतो तो झटका नसतानाच. तेव्हा तो चालतो, बोलतो, हसतो. ‘याला काय झालंय?’ हा प्रश्न त्याने किती वेळा ऐकला असेल! आणि दाखला मिळाला तरी सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के आरक्षणाच्या प्रवर्गांत रक्ताचे हे आजार नाहीतच. ज्याला दाखल्यातून सर्वांत कमी मिळते त्याच्याकडे सर्वांत जास्त संशयाने पाहिले जाते.

मग सांगितले जाते, ‘चूक झाली तर अपील आहेच की.’ या लेखाचे खरे कारण हे वाक्य आहे.

अपील आहे. २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ मध्ये आहे. दाखला देणाऱ्या प्राधिकाऱ्याच्या निर्णयाने अन्याय झाला असे वाटणाऱ्या कोणालाही राज्य सरकारने नेमलेल्या अपिली प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. पण अपील निर्णयाविरुद्ध असते, आणि निर्णय कागदावर असावा लागतो. आपल्याकडे नकार तोंडाने दिला जातो. ‘तुमचं बसत नाही.’ ‘पुढच्या बुधवारी या.’ ‘साहेब रजेवर आहेत.’ ‘फाईलला त्रुटी लागली आहे.’ कोणती त्रुटी, ते खिडकीतला माणूस सांगतो, पण लिहून देत नाही. काही वेळा केस पेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक आकडा असतो, त्याखाली सही नसते. घरी परतलेल्या माणसाजवळ नाकारले गेल्याचा कोणताही पुरावा नसतो. तो अपील कशाविरुद्ध करणार? मुदत कोणत्या तारखेपासून मोजणार?

नियम असे सांगत नाहीत. केंद्राच्या २०१७ च्या नियमांनुसार अर्जदार अपात्र ठरला तर त्याला कारणे लेखी कळवायची असतात, आणि नकार कळवण्यासाठी नियमांसोबत स्वतंत्र नमुना जोडलेला आहे. नमुना आहे, छापता येतो, भरायला पाच मिनिटे लागत नाहीत. तो दिला जात नाही, कारण तो दिला की जबाबदारी येते. कारण लिहावे लागते, कारणाखाली नाव लिहावे लागते, आणि ते कारण चुकीचे असेल तर उद्या वरचा अधिकारी विचारू शकतो.

‘बोगस’ची ओरड याच ठिकाणी पोकळ ठरते. चुकून किंवा लबाडीने दिलेल्या दाखल्याची नोंद असते; तो सापडतो, त्याची बातमी होते, त्यावर चौकशी समिती बसते. चुकून नाकारलेल्याची नोंदच नसते. आपल्या समोर फक्त एकाच बाजूच्या चुका येतात, आणि त्यांच्यावरून आपण ठरवतो की व्यवस्था फार सैल आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, त्यांपैकी महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. तेव्हा जनगणनेच्या तक्त्यात आठ प्रकार होते, कायद्यात आज एकवीस आहेत. म्हणजे खरी संख्या याहून जास्तच असणार. देशभरातल्या यूडीआयडी कार्डांचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रांचा, आकडा एक कोटीच्या पुढे गेला याचे कौतुक होते. जनगणनेच्या जुन्या आकड्याशीही तो ताडून पाहिला तर बाहेर राहिलेल्यांची संख्या दिसते. त्यांतल्या कितीजणांनी अर्जच केला नाही आणि कितीजणांना खिडकीवरून परत पाठवले, हे कोणत्याही कार्यालयाला सांगता येणार नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होते. २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्राचे हे नियम बदलले. दाखला देण्याची मुदत एका महिन्याची तीन महिने झाली. आणि दोन वर्षे निर्णयच झाला नाही तर अर्ज निष्क्रिय होतो. अर्जदाराने पुन्हा अर्ज करायचा किंवा प्राधिकाऱ्याकडे जाऊन जुना अर्ज जिवंत करून घ्यायचा. निर्णय देणे हे ज्याचे काम, त्याने ते केले नाही, तर शिक्षा कोणाला? व्हीलचेअरवरच्या माणसाला. खेड्यातून एसटीने, नाहीतर भाड्याची रिक्षा करून, सोबत एकाची मजुरी बुडवून येणाऱ्याला. हा बदल कोणत्या बोगस माणसाला रोखतो? ज्याच्या हातात यंत्रणा आहे त्याचा अर्ज दोन वर्षे पडून राहतच नाही.

नुसता टक्क्यांचा आकडा पुरेसा नाही, हे न्यायालयांना कळलेले आहे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संघ लोकसेवा आयोगाविरुद्धच्या खटल्यात ठरवले की परीक्षेत लेखनिक मिळण्याचा हक्क ४० टक्क्यांच्या रेषेवर अवलंबून ठेवता येणार नाही. लिहिताना हात आखडणाऱ्या त्या उमेदवाराचे दिव्यांगत्व वैद्यकीय मंडळाने अवघे सहा टक्के मोजले होते. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात निकाल आला. त्याला वाचादोष होता, ४४-४५ टक्के, आणि तेवढ्या टक्क्यांवरच त्याला एमबीबीएससाठी अपात्र ठरवले गेले. न्यायालयाने सांगितले की नुसता आकडा पाहून अपात्र ठरवता येणार नाही. हा माणूस हे शिक्षण घेऊ शकतो का, हे मंडळाने तपासले पाहिजे, नकार दिला तर कारणे लिहिली पाहिजेत, आणि अपिली संस्था उभ्या राहीपर्यंत अशा नकाराविरुद्ध न्यायालयात दाद मागता येईल. तो विद्यार्थी दिल्लीपर्यंत पोहोचला. निराधारच्या पगारासाठी दिल्लीला कोण जाईल? अडीच हजारांसाठी वकील कोण लावेल? म्हणून अपील तालुक्यात आणि जिल्ह्यात चालले पाहिजे, आणि त्याची सुरुवात तिथल्या खिडकीवर मिळणाऱ्या एका लेखी कागदाने झाली पाहिजे.

कडक तपासणीच्या समर्थकांकडे माझे मागणे एकच आहे. तुम्हाला शिस्त हवी आहे ना? मग ती दोन्ही बाजूंनी मागा. प्रत्येक दिलेल्या दाखल्याखाली जशी सही असते तशी प्रत्येक नाकारलेल्या अर्जाखाली असू द्या. किती अर्ज आले, किती नाकारले, कोणत्या कारणाने, किती अपिले झाली आणि किती फिरली, हे प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने आणि प्रत्येक तहसीलने दर महिन्याला फलकावर लावावे. ३ डिसेंबर २०२२ ला स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढल्याचा अभिमान आपण सांगतो. त्या विभागाला एवढे करणे अवघड नाही. असा फलक लागला की बोगसही लपणार नाही, कारण जिथे दाखले संशयास्पद वेगाने निघतात तेही त्यावरच दिसेल.

तोवर वाट पाहत बसू नका. ज्यांचा अर्ज अडला आहे त्यांना, आणि त्यांच्यासोबत जाऊ शकणाऱ्या प्रत्येक शेजाऱ्याला, भाच्याला, शिक्षकाला माझी विनंती आहे. अर्जाची पोच घ्या, तिच्यावर तारीख आणि शिक्का पाहा. ‘बसत नाही’ असे कोणी म्हणाले तर हात जोडून पण ठामपणे म्हणा, ‘साहेब, लिहून द्या.’ दिले नाही तर त्याच दिवशी साध्या कागदावर अर्ज करा: अमुक तारखेला मला तोंडी नकार मिळाला, कारण लेखी द्यावे. त्याची आवक खिडकीवर पोच घ्या. टक्केवारीबद्दल वाद असेल तर माहितीच्या अधिकारात आपल्या तपासणीची नक्कल मागा, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. एकापेक्षा जास्त व्यंगे असतील तर अर्जात सगळी लिहा आणि एकत्रित मोजणी मागा. मानसिक आजाराच्या बोर्डाला जाताना घरातल्या माणसाने आदल्या आठवड्यात रोज काय काय करून द्यावे लागले ते कागदावर उतरवून न्यावे. तिथे मुलाचे उणे सांगणे म्हणजे त्याची बदनामी नव्हे. उत्पन्नाचा दाखला अडवला तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली पहिले आणि दुसरे अपील आहे, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पुण्यातले दिव्यांग कल्याण आयुक्त तक्रार घेतात, आणि कायद्याने त्यांना दिवाणी न्यायालयासारखे साक्षीदार बोलावण्याचे व कागद मागवण्याचे अधिकार दिलेले आहेत. आणि वकिलाच्या फीची भीती वाटत असेल तर हे लक्षात ठेवा: तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे दिव्यांग व्यक्तीला वकील मोफत मिळतो, आणि १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.